मालिकेचे परीक्षण बुधवारच्या भागावरून करावे

सोलापुरातल्या एका दैनिकाने एका तरुण पत्रकाराकडे दूरचित्रवाणीवरचा साप्ताहिक स्तंभ सोपवला आहे आणि त्यांनी मला तीन प्रश्न विचारले आहेत. नव्या मालिकेचे किती भाग पाहिल्यावर मत लिहावे? पुन्हा सुरू झालेली जुनी मालिका आठवणींशी ताडून पाहावी की कोऱ्या मनाने पाहावी? आणि तिसरा, जरा संकोचाने विचारलेला प्रश्न असा, की मुंबई-ठाण्यात घडणाऱ्या या गोष्टींवर सोलापुरात बसून लिहिण्याला काही अर्थ आहे का? याच शहरात राहून मी २० वर्षांहून अधिक काळ हे काम करते आहे. त्या अनुभवातून जे पटले आहे ते सांगते.

पहिल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे, की पहिल्या आठवड्यात मत लिहू नये. लिहावेच लागले तर ते 'पहिली ओळख' म्हणून लिहावे आणि परीक्षण हा शब्द राखून ठेवावा. पहिला आठवडा म्हणजे मुलगी बघायला आलेल्या मंडळींसमोर मांडलेली पोह्यांची बशी असते. त्यावरून घरातला रोजचा स्वयंपाक कळत नाही. वाहिनीने मालिका मंजूर केल्यापासून कथेची रूपरेषा, पात्रांचे कपडे, घराचा सेट, शीर्षकगीत आणि प्रोमो यांवर काही महिने खर्च झालेले असतात. सुरुवातीच्या भागांचे चित्रीकरण बहुधा खऱ्या गावात, खऱ्या उजेडात झालेले असते, संवाद दोन-तीन वेळा घासूनपुसून लिहिलेले असतात आणि प्रसारणाआधी काही भागांची 'बँक' हाताशी असते. एकदा प्रसारण सुरू झाले की सोमवार ते शनिवार, आठवड्याला सहा भाग पुरवावे लागतात. ती बँक हळूहळू आटते, सेटवर दृश्याचे कागद त्याच दिवशी सकाळी येऊ लागतात, कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद तिसऱ्याचे अशी वाटणी असल्यामुळे पात्र कोणत्या शब्दांत बोलते हे कोणाच्याच लक्षात राहत नाही, गाव मागे पडते आणि ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यालगतच्या सेटमधला दिवाणखाना तेवढा शिल्लक उरतो. हे साधारण दीड महिन्यात घडते. म्हणून ३५ ते ४० भाग होऊन जाईपर्यंत मी थांबते.

हे शहाणपण मला चूक करूनच आले. फार वर्षांपूर्वी ग्रामीण पार्श्वभूमीच्या एका मालिकेचे पहिले चार भाग पाहून मी पाऊण पान भरून कौतुक लिहिले होते. नायिका शेतात राबत होती, सोसायटीच्या कर्जाची भाषा तिला कळत होती, आणि मराठी मालिकेत प्रथमच कोणाच्या तरी हाताला माती लागलेली दिसते आहे, असे मी मोठ्या आनंदाने नोंदवले होते. तीन महिन्यांच्या आत तीच नायिका काठापदराची साडी नेसून देवघरासमोर रडत उभी होती आणि शेताचे नाव कोणी काढत नव्हते. मधल्या मारुतीपाशी बाजार करत असताना एका वाचक बाईंनी मला थांबवले आणि विचारले, "ताई, ते कौतुक तुम्ही परत घेणार का?" मी परत घेतले, मात्र कौतुकाला पाऊण पान देणाऱ्या संपादकांनी माघारीला चार ओळींची जागा दिली.

आता बुधवारविषयी. सोमवारचा भाग शनिवारी अडकवून ठेवलेल्या गाठीवर चालतो. शनिवारच्या भागाला प्रेक्षक पुढच्या आठवड्यात परत यावा म्हणून शेवटी धक्का द्यावाच लागतो. रविवारचा महाएपिसोड तर लग्न, डोहाळजेवण, अपघात आणि कानशिलात यांसाठीच राखलेला असतो. बुधवारच्या भागाला असले कोणतेच काम नेमून दिलेले नसते, आणि लेखकाकडे खरोखर काही आहे की नाही हे नेमके तिथेच उघडे पडते. मी वही आणि घड्याळ घेऊन बसते. अर्ध्या तासातून जाहिराती वजा केल्या की सुमारे २२ मिनिटे उरतात, आणि त्यांत नवी गोष्ट कोणत्या मिनिटाला कळली तेवढेच टिपून ठेवते. माझ्या वहीतला एक बुधवार असा आहे: पहिली दोन मिनिटे कालचा प्रसंग, मग नायिकेच्या हाती एक पाकीट, ते उघडण्याआधी घरातल्या सात माणसांचे चेहरे प्रत्येकी दोन वेळा, जाहिरात, पाकीट उघडले पण आत काय आहे ते कॅमेरा दाखवत नाही, स्वयंपाकघरात दोन जावा पाकिटाविषयी तर्क करतात, पुन्हा जाहिरात, आणि शेवटी पाकीट रिकामे. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका मालिकेत सासू-सून शेंगा फोडत बसल्या होत्या आणि बोलता बोलता सासूने सांगितले, की लग्नाआधी ती टायपिंगच्या परीक्षेत पहिली आली होती आणि ते प्रमाणपत्र तिने नंतर कोणालाच दाखवले नाही. कथानक त्या दिवशी तसूभरही पुढे सरकले नाही. पण पुढचे दोन महिने ती सासू सुनेच्या नोकरीच्या बाबतीत जशी वागली, त्याचे मूळ त्या शेंगांच्या टोपलीपाशी होते. प्रसंग दोन्हीकडे किरकोळच होते, फक्त एकीकडे लेखक जागा होता.

मात्र पुनरावृत्ती दिसली की लगेच टोमणा मारायचा, ही समीक्षकांची सवय तुम्ही उचलू नका. कालच्या प्रसंगाची उजळणी, एकच गोष्ट तीन पात्रांच्या तोंडून वदवणे, यामागे निव्वळ आळस असतो असे नाही. आपल्या शहरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येते आणि पुष्कळदा ते नेमके मालिकांच्या वेळेला येते, हे सोलापूरकराला वेगळे सांगायला नको. पाण्याच्या दिवशी घरातली बाई हंडे-पिंपे भरताना उंबऱ्यातून दोन मिनिटे डोकावते, तेव्हा काय चालले आहे ते तिला कळलेच पाहिजे. दैनंदिन मालिका हा अर्धे लक्ष गृहीत धरून लिहिलेला प्रकार आहे आणि त्यात कौशल्यही आहे. प्रश्न एवढाच, की उजळणीत काही भर पडते का? तीच घटना दुसऱ्या पात्राच्या तोंडून येताना त्या पात्राचा स्वभाव कळत असेल, तर ती पुनरावृत्ती कामाची आहे.

हे मला शिकवले ते पूर्व भागातल्या विडी कामगार बायकांनी. अशोक चौकाच्या पलीकडे एका ओळखीच्या घरी मी अधूनमधून संध्याकाळी जाऊन बसत असे. तिघी-चौघी जणी मांडीवर सूप घेऊन बसलेल्या, तेंदूची पाने कात्रीने कापून, त्यात तंबाखू भरून, दोरा गुंडाळून विड्या वळत असायच्या. हजार विड्यांचा हिशेब दुसऱ्या दिवशी द्यायचा असल्यामुळे नजर हातावरून हलत नसे. मालिका त्या पाहत नसत, ऐकत असत. संवाद चांगला असला की हात किंचित मंदावायचे. एकीने मला एकदा सांगितले, "ते ढण्ण वाजलं की मी वर बघतच नाही अक्का, काही झालेलं नसतंय." पार्श्वसंगीताच्या अतिरेकावर मी पूर्वी लिहिलेले दोन लेख या एका वाक्यापुढे फिके पडले. तेव्हापासून परीक्षण लिहिण्याआधी मी प्रत्येक मालिकेचा एक भाग पडद्याकडे पाठ करून ऐकते. ज्या मालिकेतली माणसे डोळे मिटून ऐकताना एकमेकांपासून वेगळी ओळखू येत नाहीत, तिच्यातला अभिनय कितीही चांगला असला तरी संवादलेखन कच्चे आहे असे मी लिहून टाकते.

त्याच घरांमध्ये मला रूपांतरित मालिकांचाही धडा मिळाला. 'रंग माझा वेगळा' २०१९ मध्ये सुरू झाली तेव्हा पूर्व भागातल्या अनेक तेलुगूभाषक बायकांना नायिका दीपाचे पुढे काय होणार हे आधीच ठाऊक होते. मूळ मल्याळम 'करुत्तमुत्तु'वरून बेतलेली तेलुगू 'कार्तिक दीपम' त्या २०१७ पासून पाहत होत्या आणि तिच्यातही दीपा आणि कार्तिकच होते. 'आई कुठे काय करते' ही बंगाली 'श्रीमोयी'वरून आलेली, त्याच मुळापासून पुढे २०२० मध्ये हिंदीत 'अनुपमा' झाली. 'ठरलं तर मग'चे मूळ तमिळ 'रोजा'मध्ये आहे. रूपांतर असणे हा दोष मुळीच नाही, पण परीक्षण लिहिताना ते माहीत असणे आवश्यक आहे, कारण मग कथेच्या नावीन्याचे श्रेय चुकीच्या माणसाला दिले जात नाही आणि मराठी लेखकाने खरोखर काय केले ते दिसू लागते. 'आई कुठे काय करते'च्या पहिल्या दोन वर्षांत नायिका अरुंधतीचे घर पक्के मराठी वाटत होते. तिथली चिडचिड, जेवणाच्या ताटावरून होणारे अपमान, मुलांचे आईला गृहीत धरणे हे सारे आपल्या घरातून उचललेले होते. पण डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४ अशी पाच वर्षे ती खेचताना अरुंधतीला पुन्हा पुन्हा त्याच उंबऱ्यात आणून उभे करावे लागले, आणि घर सोडून स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या बाईच्या गोष्टीतली हवा निघून गेली. दूरदर्शनच्या काळात प्रायोजित मालिकांना १३ किंवा २६ भागांची मर्यादा असे, त्यामुळे समीक्षकाला शेवट पाहून लिहिता येई. 'चार दिवस सासूचे' २००१ पासून २०१३ पर्यंत चालली. तिच्या संपण्याची वाट पाहून परीक्षण लिहायचे ठरवले असते तर स्तंभच आधी बंद पडला असता.

आता परतून आलेल्या कार्यक्रमांकडे वळू. तुमच्या प्रश्नातले दोन्ही पर्याय मला अपुरे वाटतात. आठवणींशी ताडले तर जुने नेहमीच जिंकते, कारण आठवणीत कंटाळवाणे बुधवार उरत नाहीत. कोऱ्या मनाने पाहणे तर अशक्यच, कारण जुने नाव वापरून वाहिनीनेच तुमच्या आठवणीला हाक मारलेली असते. मी वेगळा प्रश्न विचारते: परत नेमके काय आले आहे? केवळ नाव, पात्रे, लिहिणारा हात, की पहिल्या वेळी अर्धवट राहिलेला एखादा प्रश्न?

यात शेवटचे कारण सर्वांत भक्कम. 'रात्रीस खेळ चाले' २०१६ मध्ये आली तेव्हा घरातले कर्ते अण्णा नाईक सुरुवातीलाच मरण पावलेले होते, आणि कोकणातले ते घर त्यांच्या मागे राहिलेल्या पापांच्या ओझ्याखाली वाकलेले दिसत होते. २०१९ मध्ये दुसरे पर्व आले ते कथा पुढे न नेता मागे गेले, अण्णा जिवंत असतानाच्या काळात. शेवट प्रेक्षकाला ठाऊक होता, तरीही हा माणूस तसा कसा झाला आणि त्यांची प्रेयसी शेवंता त्या घराच्या वाटेला कशी लागली, हे पाहण्यात खरे कुतूहल होते. अण्णांची भूमिका करणाऱ्या माधव अभ्यंकर यांना पहिल्या पर्वात जे करायला मिळाले नाही ते दुसऱ्यात मिळाले. माझ्या मते परतलेल्या मराठी मालिकांमध्ये हे पर्व सर्वांत वरचे. २०२१ च्या तिसऱ्या पर्वापाशी मात्र विचारण्यासारखा प्रश्नच उरला नव्हता. गेलेल्यांना भुते म्हणून परत बोलवावे लागले, आणि रोज भेटणाऱ्या भुताला कोण घाबरणार!

'एका लग्नाची दुसरी गोष्ट' जानेवारी २०१२ मध्ये सुरू होऊन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये थांबली, आणि वेळेवर थांबली हाच तिचा मोठा गुण होता. २०१३ मधल्या 'तिसरी गोष्ट'मध्ये जोडपे नवे, कथा नवी, फक्त नावाची लकब जुनी होती. अशा वेळी आधीच्या मालिकेतल्या घना-राधाची आठवण काढून नव्या जोडप्याला नापास करणे अन्यायाचे ठरते; तिला नवी मालिका म्हणूनच पाहावे लागते. याउलट 'अग्निहोत्र'चे दुसरे पर्व डिसेंबर २०१९ मध्ये आले आणि मार्च २०२० मध्ये संपले. त्याच्यावर मी अंतिम मत कधीच लिहिले नाही, कारण माझी ४० भागांची अट पुरी झाली, तरी त्याला पुरते २० बुधवारसुद्धा मिळाले नाहीत.

हिंदीत 'क्योंकि सास भी कभी बहू थी' २००० ते २००८ चालली आणि जुलै २०२५ मध्ये रात्री साडेदहाच्याच वेळेला परतली. तिच्या बाबतीत मी उत्सुक होते ते नायिका तुलसीसाठी नव्हे, तर तेव्हाच्या प्रेक्षकासाठी. ज्या सुना तेव्हा सासूबाईंच्या शेजारी बसून ती पाहत होत्या, त्या आता स्वतः सासू झाल्या आहेत. तुलसी साकारणाऱ्या स्मृती इराणी यांच्या चेहऱ्यावरचे वय मालिकेने लपवले नाही, हे मला आवडले. पण आजच्या घरातल्या भांडणांना जुन्या घरातली भव्य भाषा लावण्याचा सोस सुटलेला नाही, आणि त्यामुळे साध्या वाक्यालाही शंखध्वनीची जोड मिळते.

'चला हवा येऊ द्या' हा विनोदी कार्यक्रम म्हणजे कथा नसून मांडणी आहे, म्हणून त्याचा हिशेब वेगळा. ऑगस्ट २०१४ पासून मार्च २०२४ पर्यंत तो कार्यक्रम सूत्रसंचालक निलेश साबळे यांच्या बोलण्याच्या लयीवर उभा होता. जुलै २०२५ मध्ये तो परतला तेव्हा सूत्रसंचालन अभिजित खांडकेकर यांच्याकडे आले, श्रेया बुगडे, कुशल बद्रिके अशी ओळखीची माणसे राहिली, आणि 'कॉमेडीचं गँगवॉर' या नव्या चौकटीत गावोगावचे नवे कलाकार आले. नवे सूत्रसंचालक कमी पडले, असा सूर अनेकांनी लावला. मला ती तक्रार वरवरची वाटते. जुन्या कार्यक्रमातली खरी जमा अरविंद जगताप यांनी लिहिलेली आणि सागर कारंडे यांनी वाचलेली पत्रे ही होती. हसता हसता सगळे सभागृह गप्प व्हायचे ते त्या दोन-तीन मिनिटांत. कार्यक्रम परत आला की मी ती शांतता शोधते आणि ती नसेल तर कमतरता लेखनाची आहे असे लिहिते, सूत्रसंचालकाला जबाबदार धरत नाही.

'बिग बॉस मराठी'सारख्या पुन्हा पुन्हा परतणाऱ्या कार्यक्रमाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. महेश मांजरेकर यांच्या चार पर्वांनंतर २०२४ मध्ये सूत्रसंचालनाला रितेश देशमुख आले, तेव्हा सगळी चर्चा शनिवार-रविवारी ते घेत असलेल्या स्पर्धकांच्या शाळेची झाली. त्या घरातले खरे रंग आठवड्याच्या मधल्या, कोणी कोणाला ओरडत नसलेल्या भागांत दिसतात. पुन्हा बुधवारच.

टीआरपीविषयी एक सावधगिरी बाळगा. दर गुरुवारी बार्क या प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या संस्थेचे आकडे येतात आणि त्यांवर बातम्या होतात. निवडक घरांतल्या संचांना 'बार-ओ-मीटर' जोडलेले असते आणि घरातल्या प्रत्येकाने समोर बसताना आपापले बटण दाबायचे असते, अशी ती पद्धत आहे. त्यातून संच कोणासमोर चालू होता हे कळते. विड्या वळणाऱ्या बाईचे हात केव्हा मंदावले, हे त्या यंत्राला कळत नाही आणि ते तुम्ही सांगायचे आहे. आकडा वर गेला म्हणून आधीचे मत बदलू नका, आणि आकडा घसरला म्हणून 'मी म्हटलेच होते' असेही लिहू नका.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर खरे तर वर येऊनच गेले. मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तिन्ही भाषांतल्या मालिका एकाच गल्लीत पाहिल्या जातात असे शहर तुम्हाला मिळाले आहे. मुंबईतल्या समीक्षकाला त्यासाठी चार लोकांना फोन करावे लागतील. शिवाय सोलापुरी कानाला मालिकांमधली 'गावाकडची' बोली लगेच खटकते. ती ना साताऱ्याची असते ना कोल्हापूरची, आणि आपल्या बाजूची तर कधीच नसते. 'लई' आणि 'व्हय' पेरले की गाव तयार, असा तो हिशेब आहे. हे दर वेळी नावानिशी, वाक्यानिशी दाखवून द्या. एक गोष्ट मात्र टाळा. नाटकाच्या निमित्ताने मालिकांतले कलाकार आपल्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात येतात, मध्यंतरात भेटतात, आपल्या स्तंभाचे कौतुक करतात. चहा घ्यावा, पण त्या महिन्यात त्यांच्या मालिकेवर लिहू नये. मी एकदा लिहिले होते आणि ते परीक्षण आजही मला वाचवत नाही.

पहिल्या स्तंभासाठी नुकतीच सुरू झालेली मालिका निवडू नका. दोन-अडीचशे भाग झालेली, कोणी चर्चा करत नाही अशी एखादी निवडा, येत्या बुधवारी वही-घड्याळ घेऊन बसा आणि त्या एका भागावर ६०० शब्द लिहा. तुमच्या भागात त्या दिवशी नळाची पाळी नाही ना, एवढे आधी पाहून घ्या.